ब्रायन स्निटकर: एकाच क्लबमध्ये ४९ सीझन, आणि मेजर लीगमध्ये मॅनेजर व्हायला साठावं वर्ष

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रायन स्निटकर अटलांटा ब्रेव्ह्ज या अमेरिकन बेसबॉल टीमच्या मॅनेजरपदावरून बाजूला झाला. बातम्यांमध्ये २०२१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, आणि ८११ विजय हे सगळं आलं, पण त्याच्या आधीची चाळीस वर्षं एकेका वाक्यात उरकली गेली, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट तीच आहे.

आधी एक सांगतो, बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे ऑफिसात बसणारा माणूस नाही. क्रिकेटमध्ये बॉलिंग चेंज कॅप्टन करतो, इथे ते मॅनेजरचं काम. तो स्वतः टीमचा युनिफॉर्म घालून डगआऊटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या टीमच्या बाकावर असतो, पिचर (बॉल टाकणारा) थकला की चालत माऊंडवर, म्हणजे तो उभा असतो त्या उंचवट्यावर जातो, त्याच्याकडून बॉल घेतो आणि बुलपेनकडे, राखीव पिचर असतात तिकडे, हात करून नवा पिचर बोलावतो.

स्निटकर १९७७ मध्ये कॅचर (बेसबॉलमधला विकेटकीपरच म्हणा) म्हणून ब्रेव्ह्जच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगसाठी खेळाडू तयार करणाऱ्या खालच्या टीम्समध्ये आला. मेजर लीगमध्ये एक मॅचही खेळायला मिळाली नाही, आणि १९८० च्या सीझननंतर टीमने त्याला सोडलं. तेव्हा ब्रेव्ह्जच्या मायनर लीग टीम्सचा कारभार हँक ॲरन यांच्याकडे होता, बेब रूथचा ७१४ होमरनचा (क्रिकेटमधल्या सिक्ससारखे फटके) रेकॉर्ड मोडून ७५५ वर थांबलेले ॲरन. खेळाडू म्हणून रस्ता बंद झालेल्या या पोराला त्यांनी कोचिंगकडे वळवलं, आणि १९८२ मध्ये तो साऊथ कॅरोलिनातल्या अँडरसनच्या टीमचा मॅनेजर झाला, वय फक्त २६.

पुढे मग तेच, छोटी गावं, बसचे लांब प्रवास आणि दरवर्षी नवी पोरं. डरहम, मेकन, मर्टल बीच, ग्रीनव्हिल, मिसिसिपी, रिचमंड. मधे दोनदा वर, मेजर लीगच्या टीममध्ये जायला मिळालं, १९८५ मध्ये आणि मग १९८८ ते १९९०, बुलपेन कोच म्हणून. म्हणजे राखीव पिचर जिथे हात गरम करतात तिथे बसायचं, डगआऊटमधून फोन आला की सांगतील त्याला तयार करायचं. १९९० नंतर तो परत खाली, आणि लगेच पुढच्या वर्षीपासून ब्रेव्ह्जचा सुवर्णकाळ सुरू झाला, मॅनेजर बॉबी कॉक्सच्या टीमने १९९५ ची वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा हा मायनरमध्येच. मला हे वाचूनच त्रास होतो, पण त्याने क्लब सोडला नाही.

२००७ मध्ये तो मोठ्या टीमचा थर्ड बेस कोच झाला आणि सात सीझन तिथे राहिला. हे काम बघायला सोपं वाटतं, आखलेल्या चौकटीत उभं राहायचं. पण सेकंड बेसवरून रनर जीव तोडून येतोय, बॉल त्याच्या पाठीमागे कुठेतरी आहे, तो फक्त कोचकडे बघतोय. हात गोल फिरवला की होमकडे, म्हणजे रन पूर्ण करायला पळ, दोन्ही तळवे पुढे केले की थांब. फिल्डरचा थ्रो कसा आहे, रनरचे पाय किती चालतात, पुढचा बॅटर कोण, सगळा हिशोब डोळ्याची पापणी लवेपर्यंत, आणि चुकला तर पूर्ण स्टेडियमसमोर चुकतो.

२०१३ च्या सीझननंतर त्याला परत खाली पाठवलं, ट्रिपल-ए म्हणजे मेजरच्या एक पायरी खालच्या ग्विनेट टीमचा मॅनेजर म्हणून. वय ५८. बहुतेकांनी इथे घरचा रस्ता धरला असता, तो मात्र गेला आणि पोरांना शिकवत बसला. मग मे २०१६ मध्ये ९ विजय आणि २८ पराभव अशी अवस्था झालेल्या मोठ्या टीमने मॅनेजर फ्रेडी गोन्झालेझला काढलं आणि स्निटकरला हंगामी म्हणून बोलावलं. सीझन संपल्यावर कायम केलं, २०१८ मध्ये डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट जिंकला, तोच नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम मॅनेजर ठरला, आणि तिथून सलग सहा वर्षं डिव्हिजन ब्रेव्ह्जकडेच.

२०२१ तर वेगळंच वर्ष. जानेवारीत ॲरन गेले. जुलैमध्ये स्टार खेळाडू रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचा गुडघा गेला, ऑगस्ट उजाडेपर्यंत टीमचे विजय पराभवांपेक्षा जास्त कधी झालेच नव्हते. जुलैअखेर ट्रेडमध्ये, म्हणजे टीम्समधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत, नवे आऊटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागातले फिल्डर) आले आणि गाडी सुटली. सीझनच्या मधल्या ऑल-स्टार ब्रेकच्या आधी ४४ विजय, नंतर ४४, आणि ॲरन यांचा जर्सी नंबर ४४. फायनलला समोर ह्यूस्टन ॲस्ट्रोज, ज्यांचा एक हिटिंग कोच होता स्निटकरचा मुलगा ट्रॉय. सहाव्या मॅचमध्ये ७-० ने वर्ल्ड सिरीज अटलांटाकडे आली, आणि ज्याला ॲरन यांनी कोच केलं त्याच्याच हाताखाली आली.

असा रस्ता आता अरुंद झालाय. २०२१ मध्ये मेजर लीगशी जोडलेल्या मायनर टीम्स कमी करून १२० वर आणल्या, म्हणजे शिकायच्या जागाच घटल्या. आणि क्लबही थेट वरच्या अनुभवाकडे बघतात, माजी मेजर लीग खेळाडू ॲरन बून टीव्ही कॉमेंट्रीतून उठून २०१८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा मॅनेजर झाला, त्याआधी कुठेच मॅनेजर नव्हता. स्निटकरच्या जागी आलेला वॉल्ट वाईससुद्धा मेजर लीगमध्ये चौदा सीझन खेळलेला, मायनरमध्ये एकही टीम न सांभाळता २०१३ मध्ये कोलोरॅडो रॉकीजचा मॅनेजर झालेला. फरक इतकाच की ब्रेव्ह्जची खुर्ची मिळायच्या आधी तो आठ सीझन स्निटकरच्या शेजारी, त्याच डगआऊटमध्ये बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचा मुख्य मदतनीस म्हणून बसला होता.