‘गनस्मोक’चा पहिला मार्शल

अमेरिकी नट विल्यम कॉनराड म्हटलं की बहुतेकांना ‘कॅनन’ या टीव्हीमालिकेतला जाडजूड खासगी डिटेक्टिव्ह आठवतो. 1971 साली ही मालिका आली तेव्हा कॉनराडने पन्नाशी ओलांडली होती. मुख्य भूमिकेत टीव्हीवर दिसायला इतका उशीर का लागला, याचं उत्तर शोधायला 1940 च्या दशकातल्या हॉलिवूडच्या रेडिओ स्टुडिओंत जावं लागतं.

सीबीएस या अमेरिकी प्रक्षेपण कंपनीचा कोलंबिया स्क्वेअर हा स्टुडिओ सनसेट बुलेव्हार्डवर 1938 मध्ये उघडला. तिथे आणि आसपास ठरावीक नटांचा ताफा एका कार्यक्रमातून दुसऱ्या कार्यक्रमात धावत असे. अर्ध्या तासाच्या श्रुतिकेचं वाचन, स्टॉपवॉच लावून केलेली तालीम आणि प्रक्षेपण बऱ्याचदा एकाच दिवसात उरकायचं. पाठांतर नसायचंच. संहितेच्या पानांची पिन आधीच काढून टाकायची, कारण पान उलटलं की कागदाची सळसळ थेट प्रक्षेपणात जाणार. वाचून झालेलं पान हलकेच मागे सरकवायचं किंवा सरळ खाली सोडून द्यायचं.

खरी कसरत मायक्रोफोनपाशी. आरसीए 44 हा रिबन मायक्रोफोन समोरून आणि मागून नीट ऐकतो, पण दोन्ही कडांना जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे दोन नट समोरासमोर उभे राहून एकाच माइकवर बोलू शकत. पात्र खोलीतून बाहेर पडतंय असं दाखवायचं तर नट बोलता बोलता त्या बहिऱ्या कडेकडे सरके आणि आवाज आपोआप विरत जाई. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. कुजबुजीला हे उपयोगी पडतं. मात्र ‘प’ किंवा ‘भ’चा झोत सरळ बसला की आतली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी हादरते आणि धप्प असा आवाज येतो. म्हणून तोंड जरा तिरकं धरायचं.

या शिस्तीत तयार झालेला नट कॅमेऱ्यासमोर मात्र अडखळायचा. त्याची नजर सवयीने कागदाच्या उंचीवर उतरे. सगळा भाव वाक्यातच ओतायची सवय असल्याने क्लोजअपमध्ये तेच जास्त वाटे. शिवाय लांबच्या शॉटमध्ये ज्या शब्दाला हात उचलला, त्याच शब्दाला तो जवळच्या शॉटमध्येही उचलावा लागतो. रेडिओत हात कुठे आहे याची कुणाला पडलेली नसते.

कॉनराड त्यातल्या त्यात लवकर रुळला. ‘द किलर्स’ (1946) या चित्रपटाच्या सुरुवातीला खाणावळीत शिरणाऱ्या दोन मारेकऱ्यांपैकी एक तो, दुसरा चार्ल्स मॅकग्रॉ. पण सिनेमा त्याला कुठे बसवणार होता, हे मुंग्यांच्या फौजेशी झुंजणाऱ्या मळेवाल्याच्या कथेवरून कळतं. जानेवारी 1948 मध्ये ‘एस्केप’ या रेडिओमालिकेत कथानायक लायनिंगेन झाला कॉनराड. 1954 मध्ये त्याच कथेवर ‘द नेकेड जंगल’ हा चित्रपट निघाला. त्यात लायनिंगेन चार्ल्टन हेस्टन आणि कॉनराडच्या वाट्याला कमिशनरची दुय्यम भूमिका.

पुढच्याच वर्षी हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 26 एप्रिल 1952 रोजी सीबीएस रेडिओवर ‘गनस्मोक’ ही वेस्टर्न मालिका सुरू झाली होती. निर्माता-दिग्दर्शक नॉर्मन मॅकडॉनेल, मुख्य लेखक जॉन मेस्टन. मुलांच्या काउबॉयपटांपेक्षा ही मालिका साफ वेगळी होती: लांब लांब स्तब्धता, लाकडी फळ्यांवर बुटांचा आवाज, टाचेच्या काट्यांची किणकिण. डॉज सिटीचा मार्शल, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, मॅट डिलन झाला कॉनराड; त्याचा मदतनीस चेस्टर झाला पार्ली बेअर, डॉक झाला हॉवर्ड मॅकनिअर आणि किटी झाली जॉर्जिया एलिस. चेस्टरचं ‘प्राउडफुट’ हे आडनाव तर बेअरनेच बोलता बोलता घालून दिलेलं.

10 सप्टेंबर 1955 रोजी मालिका टीव्हीवर आली. रेडिओसाठी लिहिलेल्या कितीतरी संहिता टीव्हीसाठी बेतल्या गेल्या, नट मात्र चौघेही बदलले. मार्शल झाला सहा फूट सात इंचांचा जेम्स आर्नेस. चेस्टरचं आडनावसुद्धा ‘गुड’ झालं. कॉनराडचा आवाज त्या उंचीला शोभेल असाच होता, पण कॅमेऱ्याला सुटलेलं अंग दिसतं. गंमत म्हणजे रेडिओवरची ‘गनस्मोक’ जून 1961 पर्यंत चालूच राहिली, जुन्याच संचात. सहा वर्षं एकाच वाहिनीवर एकाच नावाचे दोन मार्शल!

कॉनराडने मग चेहरा बाजूला ठेवून काम शोधलं. 1965 मध्ये वॉर्नर ब्रदर्ससाठी तीन थरारपट दिग्दर्शित केले, त्यांतला ‘ब्रेनस्टॉर्म’ आजही बघण्यासारखा आहे. पण खरा धंदा निवेदनाचा. रॉकी आणि बुलविंकलच्या कार्टूनमालिकेत (1959 पासून) तो धापा टाकत, आवाज चढवत गोष्ट सांगतो. ‘द फ्युजिटिव्ह’मध्ये (1963-67) जड, सावकाश. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास आवाज एकाच माणसाचा आहे हे पटायला वेळ लागतो. ‘द फ्युजिटिव्ह’चा निर्माता क्विन मार्टिन, पुढे ‘कॅनन’ काढली तीही त्यानेच. खवय्या, लिंकन कॉन्टिनेन्टलमधून फिरणारा हा डिटेक्टिव्ह 1976 पर्यंत चालला. आता अंगकाठीच पात्राची ओळख बनली होती. 1987 मध्ये सीबीएसच्याच ‘जेक अँड द फॅटमॅन’च्या तर शीर्षकातच ती आली.

बेअर आणि मॅकनिअर ‘द अँडी ग्रिफिथ शो’ या टीव्हीमालिकेत पोचले, एक महापौर स्टोनर, दुसरा फ्लॉइड न्हावी. मॅकनिअरला मध्येच पक्षाघात झाला. परतल्यावर त्याला बहुतेक वेळा बसलेलाच दाखवत, पण त्याची लकबदार बोलण्याची ढब शाबूत होती आणि भूमिका 1967 पर्यंत टिकली.

टीव्हीकडून रेडिओकडे असा उलट दिशेचा प्रवास क्वचितच झाला. ‘हॅव गन – विल ट्रॅव्हल’ आधी 1957 मध्ये टीव्हीवर आली, रिचर्ड बूनला घेऊन. 1958 च्या नोव्हेंबरात तिची रेडिओ आवृत्ती निघाली आणि तिथे नायक पॅलाडिन झाला जॉन डेनर, रेडिओतच मुरलेला नट. रेडिओवर ती दोन वर्षं चालली. टीव्हीवर 1963 पर्यंत.