खेळ एकच, गुण 85 आणि 71

2010 साली अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात 165 जणांना एक व्हिडिओ गेम खेळायला दिला: 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज'. त्याआधी काहींना त्या गेमला चढे गुण देणारी परीक्षणं वाचायला दिली, काहींना कमी गुण देणारी, तर काहींना काहीच वाचू दिलं नाही. खेळून झाल्यावर प्रत्येकाने 100 पैकी आपले गुण द्यायचे. काही न वाचलेल्यांची सरासरी आली 79. स्तुती वाचून बसलेल्यांनी 85 दिले, टीका वाचून बसलेल्यांनी 71. पडद्यावरची झाडं तीच, झॉम्बीही तेच!

व्हिडिओ गेमच्या धंद्यात एवढ्या फरकावर पैसे अडकतात. मेटाक्रिटिक ही साइट सगळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढते. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस म्हणे 85 गुणांवर ठरला होता, असं तिथल्याच एका लेखकाने नंतर जाहीरपणे सांगितलं. गुण मिळाले 84. बोनस गेला.

माझा भाचा इथे इंदूरला सुदामानगरात राहतो. शनिवारी रात्री त्याच्या खोलीत मित्रांची फौज जमते, मराठी आणि इंदुरी हिंदीची खिचडी चालू असते. परवा एका नावाजलेल्या गेममध्ये नायक भिंतीत अर्धा रुतून बसला. पोरं हसली. "अरे भिया, केवढा मोठा गेम आहे, एवढं तर चालतंच," एकाने निकाल दिला. नंतर कुणीही न वाखाणलेला एक स्वस्त गेम लावला. त्यातही नायक दारात अडकला. "बकवास आहे, काढ," तोच मुलगा म्हणाला. मी दोन्ही वेळा तिथेच बसलो होतो, आणि मला त्याचा खोटेपणा अजिबात वाटला नाही. पहिल्या वेळी त्याला खरंच कमी खटकलं असणार.

असं म्हणायला आधार आहे. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांनी 20 जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाइन पाजली. एकच वाइन एकदा 10 डॉलरची म्हणून, एकदा 90 डॉलरची म्हणून. महाग म्हणून दिलेली जास्त आवडली, हे अपेक्षितच होतं. पण स्कॅनमध्ये दिसलं ते असं: कपाळामागचा, सुखद अनुभवाशी जोडलेला मेंदूचा भाग महागड्या वाइनच्या वेळी खरोखर जास्त जागा झाला होता. जिभेकडून येणारी मूळ चव नोंदवणाऱ्या भागात मात्र फरक नव्हता. म्हणजे जीभ तेच सांगत होती, मजा तेवढी वाढली होती. गेमच्या बाबतीत असा स्कॅन मला माहीत नाही, पण तिथे वेगळं काही घडत असेल असं मानायला कारण दिसत नाही.

मग पहिलं मत येतं कुठून? इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, नवखा पाहुणा गर्दी असलेल्या ठेल्यासमोर उभा राहतो, त्यामुळे गर्दी आणखी वाढते. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 मध्ये हेच इंटरनेटवर मोजलं. 14,341 लोक, अनोळखी बँडची 48 गाणी. लोकांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येकाला फक्त आपल्याच गटात कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड झालं ते दिसे. इतरांची आवड न दाखवता ज्याचा क्रमांक 26 वा आला, तेच गाणं एका गटात पहिलं आणि दुसऱ्यात 40 वं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ वर आली नाहीत. मधल्यांचं नशीब मात्र सुरुवातीच्या चार लोकांच्या हातात. बहुतेक व्हिडिओ गेम मधलेच असतात, हे माझं मत.

गाजावाजाची ताकद अमर्याद मात्र नाही. अपेक्षा आणि अनुभवातली दरी लहान असेल तर मन ती बुजवून टाकतं. फार रुंद झाली तर उलटतं. 'सायबरपंक 2077' या गेमची हवा 2012 पासून तापत होती. 10 डिसेंबर 2020 ला तो आला तेव्हा 80 लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झालेली. समीक्षकांना आधी दिली होती ती चांगल्या पीसीवरची आवृत्ती, आणि सुरुवातीला त्यांना स्वतः केलेलं चित्रण दाखवायचीही मुभा नव्हती. गुण भरघोस पडले. मग प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या जुन्या गेमिंग मशीनवाल्यांनी गेम सुरू केला, तर तो अडखळत, कोलमडत चालला. आठवडाभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तोच गेम इतका गाजला नसता तर इतक्या शिव्याही पडल्या नसत्या.

समीक्षकांवर माझा राग नाही. लेख वाचावा, त्यात कुठे कंटाळा येतो, कोणत्या मशीनवर अडतं, हे कळतं. आकडा तेवढा खेळायच्या आधी बघू नये. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. भाच्याला म्हटलं, पुढचा गेम घेशील तेव्हा तासभर खेळ, आपले गुण कागदावर लिही, आणि मगच मेटाक्रिटिक उघड.