सूर ओळखणारं यंत्र मालक कसा ओळखणार?

ब्रिटिश पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी २०१८ मध्ये घरी जर्मन संगीतकार बाखची एक रचना वाजवली आणि व्हिडिओ फेसबुकवर टाकला. त्यातल्या ४७ सेकंदांचा आवाज बंद झाला. तेवढं संगीत सोनी म्युझिकचं आहे, असा दावा आला होता. बाख १७५० साली वारला आणि वाजवणारे ऱ्होड्स स्वतः होते! तरी त्यांचा आक्षेप आधी फेटाळला गेला. बोभाटा झाल्यावर दावा सुटला.

अशा दाव्यामागे बहुतेक वेळा कोणी माणूस नसतो. संगणक आवाजाचा आलेख काढतो: आडवा वेळ, उभी वारंवारता. त्यातले ठळक बिंदू तेवढे ठेवतो, बाकीचं टाकून देतो. मग बिंदूंच्या जोड्या लावून दोन्हींच्या वारंवारता आणि मधलं वेळेचं अंतर टिपतो. हा झाला त्या ध्वनिमुद्रणाचा ठसा. गाणं ओळखून देणाऱ्या शझाम कंपनीच्या एव्हरी वांग यांनी २००३ मध्ये मांडलेली ही युक्ती गोंगाटातही चालते, कारण भोवतीच्या कलकलाटात बारीक तपशील बुडाले तरी ठळक बिंदू बऱ्याच अंशी टिकून राहतात. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणाही २००७ पासून व्हिडिओचे ठसे हक्कदारांनी नोंदवलेल्या ठशांच्या यादीशी जुळवते.

खरी अडचण जुळणी किती काटेकोर ठेवायची, ही आहे. फार काटेकोर ठेवली, तर गाण्याची पट्टी किंवा लय जराशी बदलणारा चोर निसटतो. सैल सोडली, तर तीच स्वरलिपी त्याच लयीत वाजवणारा निरपराध वादक सापडतो. पियानोचे स्वर तर ठरलेलेच. शिवाय यंत्र फक्त साम्य सांगतं. हक्क कुणाचा, हे त्याला कळत नाही. एकच विकतचा तालाचा तुकडा दहा जणांनी रीतसर वापरला आणि अकराव्याने तो असलेलं आपलं गाणं यादीत नोंदवलं, की त्या दहाही जणांना क्लेम येऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या सेबास्टियन टॉमचॅक यांच्या दहा तासांच्या नुसत्या खरखराटाच्या व्हिडिओवर पाच दावे आले होते!

म्हणून क्लेम आला की घाबरून व्हिडिओ काढू नका. क्लेम म्हणजे नुसता दावा; स्ट्राइक, म्हणजे खात्यावर पडणारा नियमभंगाचा ठपका, नव्हे. यूट्यूबने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २०२१ च्या पहिल्या सहामाहीत ७२ कोटींहून जास्त दावे झाले. त्यांतल्या एक टक्क्याहून कमी दाव्यांवर आक्षेप आले, पण त्या आक्षेपांपैकी सुमारे ६० टक्के व्हिडिओ टाकणाऱ्यांच्या बाजूने सुटले. गप्प बसणाऱ्यांत आपली बाजू खरी असलेले किती असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी आपली बाजू मात्र नीट तपासा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण विसाव्या शतकातल्या संगीतकाराने अभंगाला लावलेल्या चालीवर हक्क असू शकतो. भारतात तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, प्रकाशनापासून ६० वर्षांचा. खात्री पटली की यूट्यूबवर पाच दिवसांच्या आत आक्षेप नोंदवा, म्हणजे दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई निकालापर्यंत राखून ठेवली जाते. परवान्याची पावती जपा आणि वाजवलं कुणी, रचना कुणाची, हे दोन ओळींत लिहा. दावेदाराला ३० दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर दावा आपोआप सुटतो. आक्षेप फेटाळला तर अपील करता येतं, पण त्यानंतर दावेदार कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ उतरवू शकतो आणि स्ट्राइक पडू शकतो. तिथवर जाण्याआधी कागदपत्रं हाताशी हवीत.