गुळानं फुफ्फुस धुऊन निघत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला अजूनही सांगितलं जातं, 'सुट्टी झाली की गुळाचा खडा तोंडात टाक, छातीतली धूळ निघून जाते.' आणि जुनाट दम लागणारं माणूस अशक्त दिसलं की घरचे परस्पर लोहाच्या गोळ्या आणतात. गुऱ्हाळांच्या मुलखात गुळाविरुद्ध बोलणं म्हणजे धाडसच, पण गूळ जातो पोटात. फुफ्फुसाशी त्याची गाठच पडत नाही.

लोहाचं प्रकरण जास्त गमतीचं. ते आपल्याला लागतं तसं बहुतेक जंतूंनाही लागतं. म्हणून संसर्ग झाला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. आतड्यातून लोह कमी शोषलं जातं, पेशी आपल्याकडचं लोह कोंडून ठेवतात. कडीकुलूपच! श्वासनलिकेच्या स्रावातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिनही मोकळं लोह धरून ठेवतं. सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट दम लावणाऱ्या आजाराच्या, काही रुग्णांच्या छातीत मुक्काम ठोकणारा स्यूडोमोनास हा जंतू त्यावर तोड म्हणून पायोव्हर्डिन सोडतो. हे पिवळट-हिरवं द्रव्य लोह चोरून आणतं. (कफ हिरवा दिसतो तो मात्र बहुतेकदा आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या लोहयुक्त एन्झाइममुळे.)

मग लोह बंदच करायचं? तसंही नाही. सीओपीडीत लोहाची खरी कमतरताही असू शकते. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनानं थांबवू नका. अडचण अशी, की शरीरात दाह असताना फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते. म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तातलं लोह वाहून नेणारं प्रथिन लोहानं किती भरलंय तेही, बघतात. नुसत्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावर दुकानातून टॉनिक उचलू नये, ताप आणि पिकलेला कफ असताना तर नाहीच.