रॅम भरलेली दिसते, म्हणून काय झालं?

लिनक्स सर्व्हरवर रॅमचा हिशेब दाखवणारी ‘फ्री’ ही कमांड चालवली की नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. १६ जीबी रॅमपैकी मोकळी जेमतेम काहीशे एमबी! बाकीची बहुतेक वेळा ‘बफ/कॅश’ या रकान्यात सापडते. डिस्कवरून वाचलेली फाइल कर्नल (लिनक्सचा गाभा) रॅममध्ये ठेवून देतो, कारण ती पुन्हा लागली तर डिस्कपर्यंत जाणं फार महागात पडतं. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ रकाना, म्हणजे गरज पडली तर प्रोग्रामना किती रॅम मिळू शकेल तो आकडा. त्यामागचा अंदाज कर्नल स्वतः देऊ लागला तो २०१४ मधल्या ३.१४ आवृत्तीपासून.

खरी गंमत ही जागा परत घेताना आहे. मोकळी पेजेस (रॅमचे छोटे तुकडे, बहुधा ४ केबीचे) ठरावीक पातळीखाली गेली की ‘केस्वॅपडी’ हा कर्नलचा पडद्यामागचा कामगार जागा होतो आणि साठा पुरेसा होईपर्यंत पेजेस सोडवत बसतो. फाइलचं न बदललेलं पेज सरळ टाकता येतं, मूळ प्रत डिस्कवर असतेच. बदललेलं असेल तर आधी डिस्कवर लिहावं लागतं. प्रोग्रामच्या स्वतःच्या डेटामागे मात्र फाइलच नसते. त्याची रवानगी स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत.

पण काढायचं कोणतं? परंपरेने कर्नल दोन याद्या ठेवतो, सक्रिय आणि निष्क्रिय. फाइलचं नवं पेज निष्क्रिय यादीत येतं आणि पुन्हा वापरलं गेलं तरच बढती मिळते. त्यामुळे रात्रीच्या बॅकअपने शेकडो जीबी एकदाच वाचले तरी रोजच्या कामाची पेजेस सहसा टिकतात. ३.१५ पासून कर्नल काढलेल्या पेजच्या जागी छोटीशी खूण ठेवतो. तेच पेज लवकर परत मागितलं गेलं, तर ते काढायला नको होतं हे त्याला कळतं. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ६.१ मध्ये दोन याद्यांऐवजी वयानुसार अनेक पिढ्या मांडण्याचा पर्यायही आला.

इतकं सगळं असताना काही जण दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’ (कॅश रिकामी करण्याची सोय) चालवणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावतात. आकडा छान दिसतो, पण पुढचा तासभर डिस्क राबते! कर्नलच्या कागदपत्रांतही चाचणी आणि डीबगिंग सोडून त्याचा वापर करू नये असंच म्हटलंय.

काळजी करायची ती केस्वॅपडी मागे पडला तर. मग मेमरी मागणाऱ्या प्रोग्रामलाच थांबून पेजेस सोडवावी लागतात, मशीन अडखळू लागतं आणि काहीच हाती लागेना तर कर्नलचा ‘ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर’ एखादा प्रोग्राम मारून टाकतो. या वाट पाहण्यात किती वेळ जातोय, ते ४.२० पासून ‘प्रॉक’ या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या ‘प्रेशर/मेमरी’ या फाइलमध्ये दिसतं.