शेजारून जाणं वेगळं, कक्षेत शिरणं वेगळं

'यान मंगळावर पोहोचलं' असं वाचलं की माझं डोकं फिरतं. पोहोचलं म्हणजे काय केलं? शेजारून गेलं, की कक्षेत शिरलं, म्हणजे मंगळाभोवती फिरू लागलं?

शेजारून जाणं, म्हणजे फ्लायबाय, सगळ्यांना कळतं. जवळून जायचं, फोटो काढायचे आणि वाटेला लागायचं. नासाच्या मरिनर-४ यानाने १९६५ साली मंगळापाशी हेच केलं.

घोळ पुढे आहे. 'यान जवळ नेलं की ग्रहाचं गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवतं' हा समज काही केल्या जात नाही. ग्रहाकडे येताना यानाचा वेग वाढतो हे खरं, पण लांब जाताना तेवढाच कमीही होतो. उतारावर मिळालेला वेग सायकल समोरच्या चढावर गमावते, तसंच. ग्रहाच्या तुलनेत यान ज्या वेगाने आलं त्याच वेगाने निघून जातं, बदलते ती फक्त दिशा. थांबायचं असेल तर यानाने स्वतःच ब्रेक मारायचा: उलट्या दिशेने इंजिन पेटवायचं, तेही ग्रहाच्या सर्वांत जवळ असताना, कारण तिथे त्याच इंधनात सर्वाधिक ऊर्जा काढून टाकता येते.

२४ सप्टेंबर २०१४ला मंगळयानाने सुमारे २४ मिनिटं इंजिन चालवून सेकंदाला जवळपास १.१ किलोमीटर वेग उतरवला. इंजिन सुमारे ३०० दिवस बंद होतं, म्हणून दोन दिवस आधी चारेक सेकंद चालवून पाहिलं. एवढं करूनही मिळाली ती लांबट कक्षा: जवळचं टोक ४२२ किलोमीटरवर, दूरचं सुमारे ७७,००० किलोमीटरवर. शुक्राच्या कक्षेत शिरायला गेलेल्या जपानच्या आकात्सुकी यानाचं इंजिन डिसेंबर २०१०मध्ये मध्येच बंद पडलं. शुक्र समोर होता, गुरुत्वाकर्षणही होतं, तरी यान पुढे निघून गेलं. सूर्याभोवती पाच वर्षं फिरून, थ्रस्टर म्हणजे दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांवर, ते डिसेंबर २०१५मध्ये कक्षेत शिरलं.

'छोटं यान, मग सोपं असणार' हे तर त्याहून वाईट. कमी करायचा वेग वजनावर ठरत नाही. २०१८ची मार्को ही जुळी याने प्रत्येकी साडेतेरा किलोंची. नासाचं इनसाइट यान मंगळावर उतरत असताना त्याचे संदेश त्यांनी पृथ्वीकडे पाठवले, झकास काम केलं. पण कक्षेत शिरण्याजोगं इंजिन त्यांच्यात नव्हतंच. तरी 'मंगळाभोवती फिरणारे क्यूबसॅट' (क्यूबसॅट म्हणजे अशी खोक्याएवढी छोटी याने) असं अजून छापून येतं. ती फिरताहेत सूर्याभोवती. मंगळाभोवती फिरायला नोव्हेंबर २०२५मध्ये निघालेली नासाची एस्केपेड ही यानांची जोडी पाहा: निघताना प्रत्येकीच्या वजनात निम्म्याहून जास्त इंधनच होतं.