गारेचे पापुद्रे आणि विमानाचा पंख

मार्च 2014 च्या गारपिटीत आमच्या लातूर भागात हरभरा, गहू, आंब्याचा मोहोर सगळं झोडपून निघालं. त्या संध्याकाळी मी अंगणातली लिंबाएवढी गार उचलली आणि कोमट तव्यावर घासून अर्धी केली. आत कांद्यासारखे पापुद्रे होते, एक दुधट, एक काचेसारखा नितळ. छोट्या विमानांना बर्फ कसा घातक ठरतो, ते या पापुद्र्यांतूनच कळतं.

शून्य अंशाला पाणी गोठतं, असं शाळेत शिकवतात. ढगातला बारीक थेंब मात्र उणे 15 अंशालाही पाणीच राहू शकतो, कारण बर्फाचा स्फटिक सुरू व्हायला त्याला बीज लागतं. पंखाची कड आदळली की तो गोठू लागतो. पण गोठताना पाणी उष्णता सोडतं, ग्रॅममागे सुमारे 80 कॅलरी. उणे 15 चं पाणी शून्यावर यायला 15 कॅलरी पुरतात. म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा गोठला की उरलेलं पाणी शून्यावर येऊन थांबतं. पुढचं गोठणं हवा उष्णता किती लवकर नेते त्यावर. थेंब बारीक असेल तर तो जागीच गोठतो, हवेचे बुडबुडे अडकतात आणि बर्फ दुधट होतो. थेंब मोठा असेल तर पाणी मागे ओघळत जातं आणि सावकाश नितळ गोठतं. गारेचे दोन पापुद्रे ते हेच.

कृत्रिम पावसात थंड ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारतात, तेही असंच बीज असतं. 2015 आणि 2019 मध्ये औरंगाबादहून अशी विमानं उडाली, तेव्हा ‘विमानं ढग पळवतात’ अशी बोलवा उठली होती. चिमूटभर रसायनाने ढग पळत नाही आणि ढगच नसेल तर त्यातून पाऊसही पडत नाही.

बर्फाच्या वजनाने विमान पडतं, हाही गैरसमजच. वजनापेक्षा घात होतो तो पंखाचा आकार बिघडल्याने. पुढच्या कडेला रबरी पट्ट्या असतात. त्या हवेने फुगवल्या की बर्फ तडकून उडतो. पण ओघळलेलं पाणी त्यांच्या मागे गोठलं तर तिथे बांध तयार होतो. त्याच्यामागे हवा पंख सोडते आणि एलेरॉन, म्हणजे पंखाची मागची हलती फळी, आपोआप ओढली जाऊन विमान कलंडतं. 31 ऑक्टोबर 1994 ला अमेरिकेत इंडियानातल्या रोझलॉनजवळ एटीआर-72 हे प्रवासी विमान असंच उलटलं आणि 68 जण गेले. तोवर ते ऑटोपायलटवर, म्हणजे आपोआप विमान चालवणाऱ्या यंत्रणेवर होतं.

दोन-चार आसनी विमानांना बहुधा त्या पट्ट्याही नसतात. म्हणून बर्फ धरू लागला की ऑटोपायलट बंद करायचा. विमान वळवायची दांडी जड होतेय की थरथरतेय, हे हातालाच कळतं. मग आल्या वाटेने वळायचं, नाहीतर खालच्या उबदार हवेत उतरायचं. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. तिच्याखाली बरंच उतरलं की बर्फ सुटतो आणि त्याच्या खपल्या वाऱ्यावर उडून जातात.